शिफ्टचा रकाना

शनिवारी मुलं लवकर सुटतात. ती गेली की वर्गाचं दार लोटून मी पाऊण तास वही लिहायचे. हजेरीपटाएवढी मोठी, कापडी पाठीची वही. शाळेने मागितलेली नव्हती, मीच सुरू केलेली. त्यात चार रकाने होते. तारीख, मुलाने काय केलं, त्याआधी काय घडलं होतं, आणि चौथा रकाना शिफ्टचा.

नवीन आलेल्या शिक्षिका तो बघून हसायच्या. "मॅडम, तुम्ही शाळेत शिकवता की कंपनीत सुपरवायझर आहात?"

हसू देत. आमची शाळा कुरुळीजवळची. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील चाकणच्या कंपन्यांत कामाला. त्यांची एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी, एक आठवडा तिसरी. तिसरी म्हणजे रात्रभर काम आणि दिवसा झोप. घर म्हणजे एक खोली, तिच्यातच गॅस, तिच्यातच टीव्ही, तिच्यातच पलंग. वडील झोपले की घरात बोलायचं नाही. मग ते न बोललेलं सगळं शाळेत बाहेर येतं. कुणी चावतं, कुणी बाकाखाली जाऊन बसतं, कुणी दिवसभर डुलक्या घेतं. पुढच्या सोमवारी शिफ्ट बदलते आणि मूलही बदलतं.

मला हे शहाणपणाने सुचलेलं नाही. फार वर्षांपूर्वी पहिलीतली एक मुलगी मधूनमधून दुसऱ्यांच्या वह्या फाडायची. मी तिला वर्षभर दाराजवळ एकटी बसवली. तिच्या वडिलांची शिफ्ट मला मार्चमध्ये कळली, भोसरीच्या बसची वाट बघताना, तिच्या आईशी बोलता बोलता. तेव्हापासून चौथा रकाना. त्याचं काम एवढंच की दोन गोष्टी वेगळ्या व्हाव्यात. शिफ्टबरोबर जे कमी-जास्त होतं ते बहुधा घरातून आलेलं असतं. शिफ्ट कोणतीही असो, जे तसंच राहतं ते मुलाचं स्वतःचं. हे काही शास्त्र नाही आणि मी डॉक्टर नाही. पण पन्नास मुलांत आधी कुणाकडे बघायचं हे ठरवायला तेवढं पुरतं.

ज्या मुलीपाशी येऊन ही वही बंद झाली, ती दुसरीत माझ्या वर्गात आली. पहिलीच्या प्रगतिपुस्तकात तिच्यापुढे शेरा होता, 'लाजाळू. अक्षर सुंदर.' दोन्ही खरं दिसत होतं. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं तर मोत्याचे दाणे. कविता सगळ्या तोंडपाठ. पण आवाज इतका बारीक की मला वाकून कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. आधी वाटलं, हिला ऐकायला कमी येत असेल. वही भरत गेली तसं दिसलं की वडिलांच्या पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात हीच मुलगी मैदानावर खो-खो खेळताना घसा ताणून ओरडते. म्हणजे घसा ठीक, कान ठीक. कुजबूज घरची.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. नोव्हेंबरात एकदा तिला धडा वाचायला उभी केली. पुस्तकाची दोन पानं चिकटून एकदम उलटली गेली होती. ती ओळीवरून बोट फिरवत छान वाचत होती, पण समोर नसलेलं पान. डोळ्यांपुढे विहिरीचं चित्र आणि ही वाचतेय बाजाराचा धडा. सगळं पुस्तक तिने शेजारणीच्या तोंडून ऐकून पाठ केलं होतं. मी कार्डांवर साधे दोन-दोन अक्षरांचे शब्द लिहून दाखवले. एकही आला नाही. तेच शब्द बघून लिहायला सांगितले, तर पुन्हा मोत्याचे दाणे. पुढचे पाच आठवडे मी रोज पाहिलं. पहिली शिफ्ट असो, दुसरी असो, तिसरी असो, यात फरक पडत नव्हता.

मी वीस वर्षं शिकवत होते. अर्धं वर्ष तिने मला फसवलं. त्यासाठी तिला किती मेहनत पडली असेल हे लक्षात आलं, म्हणून मी रागावले नाही.

तिच्या आईला बोलावलं. निघोज्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती चपात्या लाटायची. मूळची परभणीकडची. मनगटावर पीठ तसंच होतं. बाकाच्या अगदी कडेला बसली.

"काय केलं तिनं?"

"काही केलं नाही. घरचं जरा खरं खरं सांगा मला."

"घरचं कशाला, मॅडम?"

मी म्हणाले, "मला सांगितलेलं या वहीत राहतं. वहीच्या बाहेर जात नाही."

हे वाक्य माझं. मला ते कुणी बोलायला लावलं नव्हतं.

मग ती बोलली. "तिसऱ्या शिफ्टला हे सकाळी येऊन झोपत्यात. मी तवर कामावर. पोरगी शाळेतून आली की जिन्यावर बसती, मी येईपर्यंत, चार वाजंपर्यंत. एकदा आत गेली आन् पातेलं पडलं. हे उठले. मारलं न्हाई हो. रडले. म्हणाले, झोप न्हाई झाली तर प्रेसच्या मशिनीत हात जाईल माझा, मग बसा. तवापासून ती अशी बोलती. अंथरूण बी ओलं करती."

मग मी वाचनाचं सांगितलं. ती म्हणाली, "आन् वाचायचं म्हणता, ते मला बी न्हाई आलं कधी. मास्तर मारायचे. पाचवीत सुटली शाळा."

मी सगळं लिहून घेतलं. माझी एक पद्धत होती. पालक जे सांगतील त्याच्याखाली त्यांची सही घ्यायची, म्हणजे पुढे 'मी असं म्हणालेच नव्हते' असा वाद नको. तिने सही केली, वेळ घेऊन, एकेक अक्षर काढत.

त्यानंतर आम्ही कामाला लागलो. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे यायची. ताटात रवा पसरायचा, बोटाने अक्षर काढायचं, मोठ्याने म्हणायचं, मोडायचं. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात तिने जिन्याऐवजी खाली घरमालकिणीच्या पडवीत बसायचं असं आईने ठरवलं. म्हातारीला कमी ऐकू येतं, तिथे ओरडूनच बोलावं लागतं. मला तेच हवं होतं. अंथरूण कोरडं राहू लागलं. जानेवारी संपेपर्यंत तिला बारा शब्द आले. पाठ केलेले नव्हते, वाचलेले होते. मला आणखी एक वर्ष हवं होतं. हात सुटला तर ती पुन्हा पाठांतराच्या आड लपेल आणि पाचवीपर्यंत कुणाला सापडणार नाही, हे मला दिसत होतं. तिसरी मला दे आणि ही मुलगी माझ्याकडे राहू दे, असं मी मुख्याध्यापिकेला सांगितलं. ती म्हणाली, "तुझीच आहे, घे."

मुख्याध्यापिका माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच जूनमध्ये या शाळेत लागलो. तेव्हापासून एकत्र जेवलो, तिला माझी शेंगदाण्याची चटणी लागायची आणि मला तिची आमटी. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने दोन वर्ग एकत्र करून तीन आठवडे माझी मुलं सांभाळली. त्यामुळे फेब्रुवारीत तिने वही मागितली तेव्हा मी काही विचारलं नाही.

"अगं, पुण्याहून समुपदेशक बाई येणार आहेत. तुझी वही दाखवते त्यांना. आपल्याकडे असं काम दुसरं कोण करतंय?"

मी वही दिली. नुसती दिली नाही. ज्या पाच मुलांना मदतीची सगळ्यात जास्त गरज होती त्यांच्या पानांना पिवळ्या चिठ्ठ्या लावून दिल्या, शोधायला त्रास नको म्हणून. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी खुशीत होते.

समुपदेशक आल्या नाहीत. मी वही दोनदा मागितली. "त्यांच्याकडे पाठवलीय." मग परीक्षा, पेपर, निकाल. निकालाच्या आदल्या दिवशी क्लार्कने सह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवला. प्रगतिपुस्तकं, याद्या, कसले कसले अर्ज. जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते. मी फुली बघून सह्या करत गेले. सगळेच करतात.

जूनमध्ये तिसरीच्या हजेरीपटात तिचं नाव नव्हतं. कार्यालयात गेले.

"दाखला नेला ना त्यांनी मे महिन्यात," क्लार्क म्हणाला. "अर्जावर तुमचीच सही आहे की, मॅडम."

त्याने अर्ज दाखवला. शाळा सोडण्याचं कारण, स्थलांतर. वर्गशिक्षकाची सही, माझी. आणखी कुणी दाखले नेले ते विचारलं. त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. माझ्या वर्गातले पाच. पाचही पिवळ्या चिठ्ठीचे.

"पाच घरं एकाच महिन्यात गाव सोडून गेली?"

तो खाली बघत म्हणाला, "मला कशाला विचारता? वही आतल्या कपाटात आहे."

मी आत गेले. मुख्याध्यापिकेने मला बघून चहा सांगितला.

"समुपदेशक आल्याच नव्हत्या," मी म्हणाले.

"येणार होत्या. मग संस्थेचं ठरलं. तिसरीपासून सेमी, गणित इंग्रजीतून. पहिली तुकडी निवडून घ्या म्हणाले. तूच सांग, जिला मराठी वाचता येत नाही तिला इंग्रजीत बसवून तिचे हाल करायचे?"

"हाल मराठीतच चालले होते. कमी होत आले होते."

"तुला काय वाटतं, मला आवडलं हे? निवड तर करायचीच होती. अंदाजाने केली असती तर चुकीची मुलं गेली असती. तुझी नजर चुकत नाही, म्हणून तुझ्या वहीवर विसंबले."

"मुलांना काढायचा अधिकार नाही आपल्याला."

"काढलं कुठे? आपण होऊन दाखले नेले. सह्या आहेत. तुझीही आहे."

चहा आला. मी तो प्यायले. राग आला तरी मला चहा टाकवत नाही.

"वही दे."

"घे की. काम झालंय."

चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. मैत्रिणीने मला फसवलं हे बोचतंच. त्याहून जास्त बोचतं ते हे, की तिने वही नीट वाचली होती. काही ओळींखाली पेन्सिलीने रेघा होत्या. इतक्या वर्षांत माझं काम एवढं लक्ष देऊन कुणी वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी डबा वर्गात खाते. एकदा तिने शिपायाबरोबर आमटी पाठवली. मी न उघडता परत केली.

त्या शनिवारी वही लिहायचा प्रश्न नव्हता. दुपारी वही पिशवीत घालून कुरुळीत मुलीच्या खोलीवर गेले. खाली पडवीत घरमालकीण म्हातारी लसूण सोलत बसली होती. मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "वरची माणसं गेली का खोली सोडून?"

"कुठं जात्यात? हायत की वर." मग जिन्याकडे हात करून म्हणाली, "पोरगी बसलीया बगा पायरीवर. माज्याकडं येत न्हाई आता. आय सोडत न्हाई, भाईर कुनापाशी बसू नगं म्हणती. मी काय खाती व्हय तिला?"

मला पाहून मुलगी उभी राहिली. बोट ओठांवर ठेवलं. "मॅडम, हळू. पप्पा झोपलेत." तोच आवाज, वाकून ऐकावा लागणारा. सगळी मेहनत एका उन्हाळ्यात गेली होती.

चार वाजता आई आली. आमचं भांडण जिन्यावर झालं, सगळं कुजबुजत, कारण दाराआड तिचा नवरा झोपला होता.

"आता काय राह्यलं लिवायचं?"

"मला माहीत नव्हतं."

"सही तुमची व्हती."

न वाचता केली, हे काही उत्तर नव्हे.

तिने सांगितलं. नवरा-बायकोला मे महिन्यात शाळेत बोलावलं. मुख्याध्यापिका आणि संस्थेचे दोन गृहस्थ बसले होते. वही उघडून वाचून दाखवली. ओलं अंथरूण, जिना, आईला स्वतःला न आलेलं वाचन. 'आईचंच असं, तर मुलीचं काय होणार,' असं त्यातला एक जण म्हणाला. मग पातेलं पडल्याचं पान काढलं.

"हे शेजारी बसलेले. हे रडले ते मी भाईर सांगितलं, हे यांना तितं कळलं. दोन परक्या बाप्यांपुढं." तिचा आवाज चढत होता आणि ती तो दाबत होती. "मला इचारलं, सही तुमचीच ना? म्हणलं, व्हय. यांनी अर्जावर सही केली आन् उठले. महिना झाला, कामापुरतं बोलत्यात माझ्याशी."

मुलीला आता गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं होतं. "तितल्या बाई चांगल्या हायत. म्हणत्यात, हुशार हाय, समदं पाठ हाय."

"पाठच आहे. वाचता येत नाही हे त्यांना कळायला वर्ष जाईल. मी भेटते त्यांना."

"न्हाई."

"अहो, तिचं नुकसान..."

"न्हाई म्हणले ना. सांगणार न्हाई, असं म्हणा."

मी म्हणाले, सांगणार नाही. मग वहीतली तिची सगळी पानं काढून तिच्या हातात दिली. तिने एकेक पान उलटून आपल्या सह्या शोधल्या. पायरीवर बसून पानं फाडली, आधी उभी, मग आडवी, इतकी हळू की आवाज झाला नाही. मुलगी तुकडे वेचून आईच्या पदरात टाकत होती. त्या घरात सगळ्यांनाच आवाज न करता कामं करता येतात.

बाकीच्या चार घरीही मी जाऊन आले. दोन ठिकाणी दार उघडलं नाही.

ऑगस्टमध्ये चाकणला आमच्या भागातल्या शाळांच्या शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय होता, लहान मुलांच्या भावनिक, वर्तनाच्या आणि शिकण्याच्या अडचणी ओळखणे. एक छापील तक्ता वाटला. त्यात तळाशी पालकांच्या सहीसाठी जागा सोडलेली होती. प्रशिक्षक म्हणाले, "नोंद ठेवा. नोंद ही मदतीची पहिली पायरी." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमची मुख्याध्यापिका पुढच्या रांगेत होती. तिनेही डोलावली.

माझ्या शेजारी कुरुळीच्या जिल्हा परिषद शाळेतली तरुण शिक्षिका बसली होती. तक्ता वाचून म्हणाली, "माझ्या वर्गात असं कोणी नाही, मॅडम. एक नवी मुलगी आलीय, जरा हळू बोलते, पण काय पाठांतर! आणि काय अक्षर!"

एक वाक्य पुरलं असतं. मधलंच पान काढून, चित्र झाकून वाचायला सांगा. ते माझ्या जिभेवर होतं. पण तिच्या आईला दिलेला शब्द एकदा मोडला होता, नकळत का होईना. आता कळून मोडायचा नव्हता. "हो का," म्हणाले आणि पाणी प्यायले. जेवण झाल्यावर दाढ दुखते असं सांगून निघाले आणि शेअर रिक्षाने निघोज्याला गेले.

कंपनीच्या गेटबाहेर कँटीनच्या बायकांचा घोळका आला. मला पाहून ती थांबली. "कोण गं?" एकीने विचारलं. "पोरीच्या जुन्या शाळेतली," ती म्हणाली आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.

"तुमची मुलगी तिथल्या बाईंना फसवतेय," मी म्हणाले. "मला फसवलं तशीच. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. तुम्हाला विचारायला आले."

कंपनीच्या बस एकामागून एक निघाल्या.

"मला बी हुशारच म्हणायचे," ती म्हणाली. "पाचवीपर्यंत."

तिने मनगटावरचं पीठ पदराला पुसलं.

"उद्या दुपारच्या सुट्टीत शाळंत या. मी अर्धी रजा टाकते. माझ्यासमोर बोला. घरचं एक अक्षर न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी त्या वर्गात बसलो. बाहेर मुलं खिचडीच्या ताटल्या धूत होती. मुलगी त्यांच्यातच होती. मी सांगायला लागले. पुस्तकातलं वाचायला देऊ नका, ते तिला पाठ आहे. चित्र झाकून बघा. कार्डं करा. रव्यात गिरवू द्या, मोठ्याने म्हणायला लावा. बारा शब्द आले होते, ते आधी पुन्हा घ्या.

तरुण शिक्षिकेचा चेहरा उतरला होता. "माझ्या लक्षातच आलं नाही," म्हणाली. मग घाईघाईने पिशवीतून कालचा छापील तक्ता काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. "थांबा हां मॅडम, हे लिहून घेते."

"पेन ठेवा, बाई," आई म्हणाली.

"अहो, मी विसरेन ना."

"विसरा. मग परत इचारा. मी हाय, ह्या हायत."

शिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं. मी 'ठेवा' अशी खूण केली. तिने पेन ठेवलं, दोन्ही हात बाकावर घेतले, आणि आई ते हात बघत बसली. माझेही.

"कोणते बारा शब्द?" शिक्षिकेने विचारलं.

मी आठवून आठवून सात सांगितले. उरलेले पाच फाडलेल्या पानांवर होते.